सोसायटीला 'स्मार्ट' कचरापेटी घ्यायची का?

तळमजला

गेल्या महिन्यात आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या मीटिंगला एका कंपनीचा मुलगा आला होता. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, मागून दोघांनी उचलून आणलेली हिरवीगार पेटी. पेटीपुढे हात धरला की झाकण आपोआप उघडतं, आत सेन्सर आहे, पेटी भरत आली की सेक्रेटरीच्या मोबाइलवर मेसेज येतो. जमलेल्या मंडळींनी पाळीपाळीने हात धरून झाकण उघडून बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तीनदा. किंमत ऐकल्यावर हात खाली आले, पण प्रस्ताव काही पडला नाही. 'तळमजल्यावरच्या साहेबांना विचारून ठरवू' असं मिनिट्समध्ये लिहिलं गेलं. तो साहेब म्हणजे मी.

मला विचारायचं कारण इतकंच, की माझी सव्वीस वर्षं केमिकल कारखान्यांत टाक्यांवर लेव्हल ट्रान्समीटर बसवण्यात गेली. टाकीत माल किती आहे ते टाकी न उघडता सांगणारं यंत्र. या पेटीतला सेन्सर त्याचाच धाकटा भाऊ. वरून आवाजाचा ठोका सोडायचा (आपल्याला ऐकू येत नाही), तो मालावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरभर खोल रिकाम्या पेटीत जाऊन-येऊन सुमारे ६ मिलिसेकंद. वेळ कमी झाला की माल वर आला. यात फसवाफसवी काही नाही. फक्त टाकीतलं ॲसिड सपाट पसरतं. कचरा पसरत नाही.

मी त्या मुलाला म्हटलं, पेटी पंधरा दिवस ठेवून जा. बिचाऱ्याने ठेवली. पहिल्याच सकाळी साडेसातला मेसेज: पेटी ९२ टक्के भरली. जाऊन बघतो तर कोणीतरी मोडकी छत्री उभी खोचलेली, बाकी पेटी रिकामी. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. या वेळी गाठ मारलेली काळी पिशवी झाकणाच्या बिजागरीला अडकून सेन्सरच्या तोंडाशी लोंबत होती. गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र उलटं झालं. निर्माल्य आणि केळीची पानं पेटीबाहेर सांडत होती आणि ॲप म्हणत होतं ३० टक्के. ढीग मऊ आणि तिरका असला की ठोका सरळ वर न येता भलतीकडे जातो. कारखान्यात पावडरच्या टाकीत हाच त्रास मी वर्षानुवर्षं भोगलाय, त्यामुळे त्या पोराला बोललो नाही.

पण खरी गोम सेन्सरमध्ये नाहीच. पेटी कधी भरते हे आम्हाला कळत नव्हतं, अशी अडचण आमच्याकडे कधी नव्हती. आमच्या कचरेवाल्या मावशी अठरा वर्षं येतायत. 'पाचव्या मजल्यावर पाहुणे आलेत वाटतं, दोन दिवस डबा जड लागतोय' हे त्या जिन्यातच सांगतात. कोण ओला-सुका वेगळा करतो, कोण वर कागद अंथरून खाली खरकटं लपवतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आमची अडचण पुढची आहे. ओला कचरा वेगळा केला तरी त्याचं करायचं काय?

आमच्याकडे २१२ फ्लॅट, रोजचा कचरा अंदाजे दोनशे किलो. २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोच्या वर कचरा करणारा तो मोठा कचरा निर्माता ठरला. २०१७ मध्ये पालिकेने अशा सोसायट्यांना २ ऑक्टोबरपासून ओला कचरा आवारातच जिरवा म्हणून सांगितलं, तेव्हा आम्हीही घाईघाईने खताचं मशीन घेतलं होतं. त्यात रोज भुसा आणि कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंचं विरजण) घालावं लागतं. विजेचं बिल वेगळं. दुसऱ्या वर्षी पात्यात स्टीलचा चमचा अडकला, माणूस बाहेरगावाहून यायला तीन आठवडे लागले, तोवर आतला माल असा काही सडला की पंपरूमला कुलूप लावून सगळे लांबून जायला लागले. आज ते मशीन निळ्या ताडपत्रीखाली आहे आणि ताडपत्रीवर मांजर झोपतं.

तर मंडळी, सोसायटीकडे थोडे पैसे आहेत आणि काहीतरी 'स्मार्ट' करण्याची हौस आहे. पेटीला मी नाही म्हणणार आहे. मग हो कशाला म्हणू? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. 'लोकांनाच शिस्त नाही' हे कृपया लिहू नये, ते आमच्या ग्रुपवर रोज येतं.

साईडिंग

आमच्या स्टेशनबाहेर अशी सोलरवाली पेटी लावली होती. सहा महिन्यांत पॅनेल गेलं, पेटी राहिली. पुढच्या सहा महिन्यांत पेटीही गेली. हुशारच होती, मुंबईत राहण्यात अर्थ नाही हे तिला कळलं.

खरकटं_पाणी

लोकांनाच शिस्त नाही.

(सॉरी, राहवलं नाही.)

जीपीएसवाला

गाड्यांना जीपीएस लावण्याच्या धंद्यात बारा वर्षं आहे, तेव्हा स्वतःच्याच पोटावर पाय देऊन लिहितो.

कचऱ्याच्या गाडीला जीपीएस लावला की गाडी गल्लीत गेली, चार मिनिटं थांबली, एवढं कळतं. कचरा उचलला का ते कळत नाही. म्हणून मग प्रत्येक इमारतीच्या गेटवर क्यूआर स्टिकर किंवा टॅग लावायचा, कामगाराने तो स्कॅन करायचा, अशी टूम निघाली. एका शहरात (मुंबई नव्हे, नाव सांगत नाही) आमच्या स्क्रीनवर एका वॉर्डाची रोज शंभर टक्के हजेरी यायची. आम्ही खूश. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अडीचशे इमारती चाळीस मिनिटांत होतायत. जाऊन पाहिलं तर मुकादमाने सगळ्या स्टिकर्सचे फोटो काढून पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवले होते आणि टपरीवर चहा पीत एकेक स्कॅन चालू होतं. पुठ्ठ्याला प्लास्टिक लॅमिनेशनसुद्धा केलेलं, पाऊस लागू नये म्हणून. माणूस खरं तर आमच्या कंपनीत हवा होता.

तरी जीपीएस निरुपयोगी म्हणणार नाही. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात आहे की गरीब देशांतल्या शहरांचा सरासरी २० टक्के खर्च कचऱ्यावर जातो, श्रीमंत देशांत तोच ४ टक्क्यांच्या आसपास. आणि त्यातला मोठा वाटा उचलण्यात आणि वाहून नेण्यात. गाडी डम्पिंगच्या काट्यासमोर दीड तास उभी राहिली हे कळलं, की दुसऱ्या फेरीची वेळ बदलता येते. एक फेरी वाचली तरी डिझेल केवढं वाचतं! ते काम जीपीएस चोख करतो.

पण सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित यंत्र म्हणजे वजनकाटा. ठेकेदाराला पैसे टनावर मिळत असतील तर त्याला कचरा कमी झालेला का आवडेल? वजन वाढवायला कचऱ्यात डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) मिसळायची युक्ती मुंबईत जुनी आहे, चौकश्याही होऊन गेल्यात. याला सेन्सर लागत नाही. कॉम्पॅक्टरमध्ये (कचरा दाबून नेणाऱ्या गाडीत) किती घनमीटर माल बसतो ते माहीत आहे, आपल्या कचऱ्याची घनता साधारण माहीत आहे. काट्यावर त्याच्या बाहेरचा आकडा आला की गाडी बाजूला घ्या आणि उघडा. साध्या एक्सेलचं काम आहे. ते करायची इच्छा मात्र एक्सेलमध्ये भरता येत नाही.

घाटकोपरकरीण

तळमजला, तुमच्या मावशींबद्दल वाचून बरं वाटलं. आमच्या घाटकोपरला जोशी लेनमधून एएलएमची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांचा गट) सुरुवात झाली, १९९७ च्या सुमारास. तेव्हा ना ॲप होतं ना मोबाइल. गल्लीतल्या बायका-पुरुषांनी ठरवलं, कचरा घरातच वेगळा करायचा आणि ओल्याचं खत करायचं. मुंबईभर ते मॉडेल गेलं. काही गल्ल्यांत टिकलं, बऱ्याच ठिकाणी करणारी माणसं दमली, पुनर्विकास आला, खताच्या खड्ड्यांवर पार्किंग आलं.

त्याच सुमारास स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना घेऊन काम सुरू केलं. परिसर भगिनी म्हणतात त्यांना. मी काही वर्षं त्यांच्यासोबत जात होते. आणि तुम्हाला तंत्रज्ञानच हवं असेल तर त्यांनीच चालवून दाखवलेलं आहे की. बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) निसर्गऋण प्रकल्प. शरद काळे सरांनी विकसित केलेला.

काय करतात सांगते. ओला कचरा आधी मिक्सरमध्ये गरम पाण्यात वाटून त्याचं पिठल्यासारखं पातळ करतात. ते पहिल्या टाकीत जातं. तिथे हवा आणि उष्णता दोन्ही देतात, त्या उष्णतेत वाढणारे जीवाणू त्याचा पहिला फडशा पाडतात. मग दुसऱ्या, बंद टाकीत हवेशिवाय राहणारे जीवाणू मिथेन करतात. उरलेलं खत. पहिल्या टाकीमुळे साध्या गोबरगॅसपेक्षा काम लवकर होतं आणि स्वयंपाकघरातला चिकट माल चालतो. चालत नाही ते नारळाच्या करवंट्या, हाडं, चिंध्या आणि अर्थातच तुमचा चमचा. म्हणून मिक्सरच्या तोंडाशी एक बाई बसते आणि हाताने चाळते. प्रकल्प बंद पडायचा की चालायचा हे तिच्या बोटांवर ठरतं. मी स्वतः बसून पाहिलंय. पहिल्या तासात दोन ब्लेड, एक डायपर आणि एक जिवंत बोंबील वाटावा इतका ताजा बोंबील निघाला होता.

दुसरं, गॅस घ्यायला शेजारी चूल हवी. कॅन्टीन, हॉस्टेल, मोठं किचन जवळ असेल तर निभतं, नुसती जागा मिळाली म्हणून कोपऱ्यात बांधला तर गॅस हवेत. २१२ फ्लॅटना याचा व्याप झेपणार नाही, पण आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्या आणि एखादं हॉटेल मिळून विचार करा.

नवा_गडी

राग मानू नका, पण धागा 'आमच्या मावशी आणि आमचे खड्डे' असा होत चाललाय. जग कुठे गेलंय बघा. सोलमध्ये २०१३ पासून आरएफआयडीच्या पेट्या आहेत. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, तुमच्या खरकट्याचं वजन होतं, तेवढंच बिल. लोक पाणी निथळून टाकायला लागले, कारण पाण्याचेही पैसे पडतात. आणि परदेश नको असेल तर इंदूर घ्या. २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प सुरू झाला, त्यावर शहरातल्या बस चालतात. मुंबई फक्त रडते.

तळमजला

@नवा_गडी, राग कसला. सोलची पेटी मलाही आवडली, कारण ती पेटी किती भरली ते विचारत नाही, कोणी किती टाकलं ते विचारते. पण क्रम बघा. कोरियाने खरकटं थेट डम्पिंगवर टाकायला २००५ मध्येच बंदी घातली. त्याचं पुढे काय करायचं याची सोय झाली आणि मग कार्ड आलं. आपण कार्डापासून सुरू करतो. शिवाय २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत ४० टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत. दहा बाय दहाच्या खोलीत दोन कुटुंबं आणि वर पोटमाळ्यावर भाडेकरू, तिथे कार्ड कोणाच्या नावावर काढणार?

इंदूरचं तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. त्यांनी रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढूनच टाकल्या. घरोघरी गाडी, गाडीतच ओला-सुका वेगळा. पेटीच नाही तर सेन्सर कुठे बसवता! ५५० टनांचा प्रकल्प चालतो तो ओला माल वेगळा आणि स्वच्छ पोचतो म्हणून. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने कचऱ्यातून वीज करायचा कारखाना उभारला होता. यंत्रं उत्तम. कचरा आला तो आपला, ओला, माती मिसळलेला, ठरवलेल्या उष्मांकाच्या निम्माही नाही. तीन आठवडे चालला आणि बंद पडला. आमच्या धंद्यात शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगायचो, आधी टाकीत काय आहे ते विचार, मग कॅटलॉग उघड.

गोवंडी_स्टेशन

मी चेंबूरच्या पलीकडचा. तुमची टाकी जिथे रिकामी होत आलीय तिथला.

देवनारचं डम्पिंग १९२७ पासून आहे. माझ्या वडिलांचाही जन्म त्याच्यानंतरचा. सेन्सर सोसायटीच्या पेटीत बसतो यावर धाग्यात एवढी चर्चा चाललीय, मला हसू येतंय. जानेवारी २०१६ ची आग आठवते? तो धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. आमच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. घरात ओल्या चादरी लावून बसलो होतो, आई दर तासाला त्या परत भिजवायची, आणि चादर पिळली की पाणी राखाडी यायचं. कचरा आतल्या आत कुजतो, हवा नसली की मिथेन होतो, तो फटींतून वर येतो. मग एक ठिणगी पुरते. वरची आग विझली तरी आतली धुमसत राहते, काही दिवसांनी भलतीकडूनच डोकं काढते. ढिगाच्या पोटात तापमान मोजणारी तार टाका, वरून थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन फिरवा. कुठे पोट गरम होतंय ते आधी कळलं तर आमच्या फुप्फुसांना काही उपयोग होईल. तिथे सेन्सर हवा.

मिथेनचं आणखी एक. २०२२ मध्ये उपग्रहांवरून केलेला एक अभ्यास आला होता, ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबईच्या डम्पिंगवर. मुंबईतलं जे एक डम्पिंग त्यांनी मोजलं, ते कांजूरमार्ग, तिथून तासाला साधारण ९.८ टन मिथेन. तासाला! ते यंत्र आकाशात आहे म्हणून बरं. त्याचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवता येत नाहीत, जीपीएसवाले.

आमच्या गल्लीतली पोरं काठीला दोरी, दोरीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बांधून ढिगावर जायची. ओढत चालायचं, खिळे-पत्रे चिकटतात. दिवसभरात किलोभर लोखंड झालं तरी खूप. माझाही एक चुंबक होता. आता गेटवर अडवतात, आणि मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा तिथल्या बायका कुठे गेल्या हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. 'स्मार्ट' आराखडा आला की त्यात आधी कुंपण असतं.

जीपीएसवाला

@गोवंडी_स्टेशन, मान्य. चुंबकावर सध्या तरी आमच्याकडे ॲप नाही.

तेरा_कंपाउंड

थोडं अवांतर. मी धारावीत भंगाराचा हिशेब ठेवतो. आमच्याकडे प्लास्टिक निवडणारा माणूस तुकडा हातात घेऊन वाकवतो, जमिनीवर आपटून आवाज ऐकतो, तरी शंका राहिली तर कोपरा पेटवून धुराचा वास घेतो. पीपी, एलडी, पीव्हीसी लगेच सांगतो. फुप्फुसाचं काय होतं ते वेगळं, मास्क दिले तर गळ्यात घालतात.

परदेशात यासाठी इन्फ्रारेड किरणांची मशीनं आहेत. पट्ट्यावरून माल जातो, मशीन किरण टाकून जात ओळखतं आणि हवेच्या फुंकरीने वेगळं उडवतं. एका एजंटाने आम्हाला व्हिडिओ दाखवला. आमचा माणूस बघून म्हणाला, काळा माल कुठाय? एजंट गप्प. काळ्या प्लास्टिकमधला कार्बन ते किरण गिळून टाकतो, त्यामुळे नेहमीच्या मशीनला काळा तुकडा दिसतच नाही. आणि आमच्याकडे काळा माल ढिगाने. वासासाठी काहीतरी यंत्र निघालं तर मात्र लगेच कळवा, ते पाहिजे.

खरकटं_पाणी

या धाग्यावर पहिल्यांदाच कोणीतरी खरी मागणी नोंदवली.

तळमजला

उशिरा उत्तर देतोय, क्षमस्व. सगळ्यांचे आभार, गोवंडी_स्टेशन तुमचे विशेष. तुमची पोस्ट मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवली, थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग पार्किंगचा विषय निघाला.

पेटीला नकार दिला. जीपीएसवाल्यांचं ऐकून बाजारातून लटकवायचा डिजिटल काटा आणला, चारशे रुपये. पंपरूमबाहेरच्या हुकाला टांगला. विंगप्रमाणे ओला आणि सुका वेगळा तोलायचा आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा. नाव कोणाचंही नाही, फक्त विंग. पहिल्या आठवड्यात कळलं की आमचा दोनशे किलोचा अंदाज चूक होता, रोजचा आकडा १७० च्या आसपास आहे, त्यातला ओला १२०. आणि बी विंगचा सुका कचरा संशयास्पद जड. उघडून बघितलं तर एका घरी टाइल्सचं काम चालू होतं, ते डेब्रिज पिशव्यांतून हळूहळू पार करत होते! ठेकेदारांना उगाच नावं ठेवतो आपण.

घाटकोपरकरीण, शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोललोय. समोरच्या उडप्याने गॅस फुकट मिळाला तर घेतो असं सांगितलंय, मिक्सरशी बसणाऱ्या बाईचा पगार कोण देणार म्हटल्यावर त्याला फोन आला.

एक गोष्ट राहिली. तिसऱ्याच दिवशी मावशींनी विचारलं, 'भाऊ, हे तोलायला मला रोज वीस मिनिटं जास्त लागतात. त्याचे पैसे कोण देणार?' बरोबर होतं. मी महिना हजार रुपये वाढवा असा प्रस्ताव ठेवला. पेटीसाठी अर्धा लाख काढायला निघालेल्या कमिटीने हा विषय पुढच्या मीटिंगला ढकललाय. तोवर आकडे मी तोलतो. मावशी शेजारी उभ्या राहून सांगतात, 'हुक सरळ धरा, पिशवी भिंतीला टेकतेय.'

नवा_गडी

काटा कुठे मिळाला?

तळमजला

नागदेवी स्ट्रीट. सेल बरोबर येत नाहीत, वेगळे घ्या.